रात्री बारानंतरच नेट का धावतं?

रात्रीचे साडेनऊ. हॉलमध्ये मालिका लागलेली, आई मावशीशी व्हिडिओ कॉलवर, वडील मोबाइलवर बातम्या चाळत बसलेले, आणि आतल्या खोलीतून आरोळी येते, "नेट लॅग मारालंय! कुणी काय लावलंय?" शिवाजी पेठेतलं जुनं घर असो की रुईकर कॉलनीतला फ्लॅट, दहावी-बारावीतला किंवा कॉलेजातला मुलगा ज्या घरात आहे, तिथे हा प्रसंग नवा नाही. संगणकावर चार-पाच मित्रांची टीम जमलेली असते. एखादा कदमवाडीतून, एखादा इचलकरंजीतून, एखादा पुण्याच्या होस्टेलवरून. ऐन मोक्याला पडद्यावरचा गडी जागीच थिजतो, मग एकदम चार पावलं पुढे उगवतो, आणि तोवर समोरच्याने त्याचा निकाल लावलेला असतो.

मग केबलवाल्याला फोन जातो. पन्नास एमबीपीएसचा प्लॅन शंभरचा होतो, शंभरचा दोनशेचा. बिल वाढतं, आरोळी तशीच राहते. शेवटी मुलगाच एक तोडगा काढतो: रात्री बारानंतर खेळायचं. "आई, आत्ताच तर पिंग चांगला आलाय. एकच मॅच." आईला ही जागत बसायची सबब वाटते. पण याबाबतीत पोरगं बहुधा खरं बोलत असतं. अनेक घरांत मध्यरात्री नेट खरोखरच सुरळीत चालतं. त्याचं कारण पुष्कळदा त्या घराच्या चार भिंतींत आणि शेजारच्या दोन-तीन फ्लॅटांत दडलेलं असतं. ते शोधायला एक रुपयाही लागत नाही. खर्च नंतरचा, आणि तोही बहुतेक वेळा काही शे रुपयांचा.

वेग वेगळा, उशीर वेगळा

प्लॅनवर छापलेला आकडा रुंदीचा असतो. एका सेकंदात किती माहिती घरात येऊ शकते, एवढंच तो सांगतो. सिनेमा पाहायला किंवा मोठी फाइल उतरवायला तो कामाचा. खेळ खेळायला त्यातलं फारच थोडं लागतं. पडद्यावरचं चित्र मुलाच्या संगणकातच तयार होत असतं. बाहेर जातात त्या फक्त चिठ्ठ्या: मी इथे आहे, डावीकडे वळलो, चाप ओढला. यांना पॅकेट म्हणतात. काही खेळांचे सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा, काही १२८ वेळा हा हिशेब ताजा करतात. तरीही प्रत्येक चिठ्ठी इतकी लहान असते, की तासाभराच्या खेळाला वीस मिनिटांच्या एचडी व्हिडिओइतकाही डेटा लागत नाही. (खेळ पहिल्यांदा उतरवून घेताना मात्र पन्नास-शंभर जीबी सहज जातात. ते काम रात्री झोपताना लावून द्यावं.)

खेळाला गरज असते ती चिठ्ठी वेळेवर पोचण्याची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीची मॅच रंगली आहे, पण रेफ्री मैदानात नसून मुंबईत बसला आहे, अशी कल्पना करून पाहावी. प्रत्येक खेळाडू आपण काय केलं ते चिठ्ठीवर लिहून पाठवतो, रेफ्री सगळ्या चिठ्ठ्या जुळवून निकाल देतो आणि तो निकाल सर्वांना परत पाठवतो. ऑनलाइन खेळाचा सर्व्हर हा असा रेफ्री आहे. चिठ्ठी जाऊन उत्तर येईपर्यंत जो वेळ लागतो, त्याला पोरं पिंग म्हणतात. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजला जातो. शब्द मूळचा पाणबुडीच्या सोनारचा. ध्वनी सोडायचा, प्रतिध्वनी ऐकायचा. अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन प्रयोगशाळेतल्या माइक मस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये नेटवर्क तपासायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. आजही तो जवळपास प्रत्येक संगणकात असतो.

हा वेळ शून्य कधीच होत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात दोनशे किलोमीटर. कोल्हापूर ते मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन चार मिलिसेकंद ही झाली निसर्गाची किंमत. वाटेतली यंत्रं आणि वळसे धरून पंधरा-वीस झाले तरी तक्रारीला जागा नाही. सर्व्हर सिंगापूरला असेल तर सरळ रेषेतच साडेतीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर पडतं. तिथला पिंग पस्तीसच्या खाली येणं अशक्य. प्रत्यक्षात तो बराच जास्त असतो. खेळाच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा प्रदेश निवडायची सोय असते. तिथे मुंबई असताना चुकून दुसरंच गाव निवडलेलं असेल, तर घरातला राउटर कितीही बदला, उपयोग नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक मंदावली होती. अशा वेळी युरोपातल्या सर्व्हरवर खेळणाऱ्याने गप्प बसणं हाच इलाज.

तरी सत्तर-ऐंशी मिलिसेकंदांनी एवढं काय बिघडतं? धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर शंभर मिलिसेकंदांच्या आत जो हलला, तो आधीच निघाला असं धरतात. माणसाचं शरीर त्याहून लवकर प्रतिसाद देऊ शकत नाही, असं त्या नियमात गृहीत आहे. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला तर दोनशे ते अडीचशे लागतात. बरोबरीच्या दोन खेळाडूंत फरक असतो तो वीस-तीस मिलिसेकंदांचा. त्यात ऐंशीची भर पडली की तो संपलाच.

पण खरा त्रास निव्वळ उशिराचा नसतो, अनियमित उशिराचा असतो. २००१ साली डग्लस कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर अडथळे चुकवत विमान चालवायचं होतं, पण हाताची हालचाल पडद्यावर २३५ मिलिसेकंद उशिरा दिसेल, अशी व्यवस्था केली होती. सुरुवातीला सगळे धडकले. सरावाने मात्र मेंदूने तो उशीर पचवला. गंमत पुढेच आहे: उशीर काढून टाकल्यावर लोक पुन्हा धडकू लागले! मेंदूने त्या उशिराचा हिशेब मनाशी पक्का करून टाकला होता. म्हणजे पिंग कायम साठ असेल, तर हात त्याला सरावतात. तो एकदा वीस, एकदा दोनशे, पुन्हा तीस असा नाचायला लागला, तर सराव कशाचा करणार? या नाचण्याला जिटर म्हणतात. काही चिठ्ठ्या वाटेत हरवतातही. त्याला पॅकेट लॉस. खेळाच्या कोपऱ्यात हे आकडे दाखवण्याची सोय बहुतेक खेळांत आहे. सरासरी पिंगपेक्षा या दोहोंकडे लक्ष ठेवावं.

"मी भिंतीआड गेलो होतो, तरी गोळी लागली," ही तक्रार यातूनच येते. सर्व्हर उशिराची भरपाई म्हणून काळ थोडा मागे नेतो आणि नेम धरणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं ते तपासतो. त्याच्या पडद्यावर हा अजून उघड्यावर असतो. दोघंही खरं बोलत असतात. ज्याचं नेट खराब, त्याचा त्रास असा दुसऱ्यालाही होतो, म्हणून मग टीममधून शिव्या सुरू होतात.

आधी निदान

ताप आला की गोळी, तसं नेट अडकलं की राउटर बंद करून चालू, हा घरोघरचा उपाय. कधी गुण येतो, कारण राउटर नव्याने सुरू होताना आसपास कमी गर्दीची वाहिनी शोधतो. पण तासाभरात ताप परत चढतो. त्याऐवजी चिठ्ठी नेमकी कुठे अडते ते पाहावं. तिच्या प्रवासाचे ढोबळ तीन टप्पे आहेत: संगणक ते घरातला राउटर, राउटर ते सेवा देणाऱ्याचं केंद्र, आणि तिथून सर्व्हर.

पहिला टप्पा तपासायला माइक मस यांचा तोच प्रोग्रॅम पुरतो. विंडोजमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' उघडायचं, पिंग हा शब्द इंग्रजीत टाइप करून जागा सोडायची, राउटरचा पत्ता लिहायचा आणि शेवटी पुन्हा जागा सोडून उणे चिन्ह व टी हे अक्षर. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला सापडतो. एंटर दाबलं की दर सेकंदाला एक ओळ उमटत राहते. हे चालू ठेवून पाच-दहा मिनिटं खेळायचं. कंट्रोल आणि सी दाबलं की थांबतं.

राउटर घरातच आहे. तिथून उत्तर यायला वाय-फायवर एक ते पाच मिलिसेकंद लागावेत, वायर असेल तर एकाच्याही आत. पण ओळींमध्ये मधूनच ८०, १५०, ३०० असे आकडे दिसू लागले किंवा 'वेळ संपली' असा संदेश आला, तर दोष घरातल्या हवेत आहे. केबलवाल्याशी भांडून, प्लॅन वाढवून काहीही होणार नाही. राउटरचे आकडे शांत असताना खेळातला पिंग उसळत असेल, तर मात्र बाहेर पाहायला हवं. हाच खेळ रात्री साडेनऊला एकदा आणि सुटीच्या दिवशी सकाळी सहा-सातला एकदा करून पाहिला, की गर्दीचा हात किती आहे ते समजतं.

एक विचित्र लक्षण लक्षात ठेवण्यासारखं आहे. आकडा घड्याळ लावल्यासारखा ठरावीक अंतराने उसळत असेल, तर संशय लॅपटॉपवरच घ्यावा. वाय-फाय कार्ड मधूनमधून आपली वाहिनी सोडून आसपास दुसरं कुठलं नेटवर्क आहे का ते हुंगून येतं. तेवढ्या क्षणापुरता खेळ पोरका होतो. कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करणं आणि त्याची वीजबचत बंद करणं, याने पुष्कळदा फरक पडतो.

हवेतली गर्दी

वाय-फायचा स्वभाव भिडस्त आहे. बोलण्याआधी ते ऐकतं. त्या वाहिनीवर दुसरं कुणी बोलत असेल तर थांबतं, शांतता झाली की आणखी क्षणभर थांबून बोलतं, आणि दोघं एकदम बोलले तर दोघंही पुन्हा सुरुवात करतात. एका वाहिनीवर एका वेळी एकच जण. चौकातल्या कट्ट्यावर दहा जण जमले आणि प्रत्येकाने दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर मधल्या एकाला "आग लागली" एवढं सांगायलाही वेळ लागेल, तशी ही गत.

घरातली आणि शेजारची सगळी उपकरणं या एकाच कट्ट्यावर असतात. जुनं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. हा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला, म्हणजे कुणालाही वापरायला मोकळा. त्यात वाहिन्या तेरा असल्या, तरी एकमेकींवर न चढणाऱ्या तीनच बसतात: १, ६ आणि ११. राजारामपुरीतल्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये बारा घरांचे बारा राउटर या तीन वाहिन्यांत दाटीवाटीने बसलेले असतात. त्यात ब्लूटूथ आलं, दारावरचा वायरलेस सीसीटीव्ही आला, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही आला. ओव्हनमधल्या लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या. बाहेर झिरपतात त्या आरोग्याच्या दृष्टीने नगण्य, पण वाय-फायच्या नाजूक संदेशाच्या मानाने मोठ्या. जेवायच्या वेळी कुणी रस्सा गरम करायला ठेवला आणि खेळ अडकला, तर तो योगायोग नसतो. जलद यूएसबीची हार्ड डिस्कही याच पट्ट्यात खरखर करते, त्यामुळे वायरलेस माऊसचा किंवा वाय-फायचा इवलासा डोंगल तिच्या शेजारी खोचू नये.

मध्यरात्रीचं कोडं इथे बरंचसं सुटतं. बारानंतर बारापैकी नऊ घरं झोपलेली असतात. मालिका संपलेल्या, कॉल बंद, ओव्हन गार. कट्टा रिकामा झाला, की पोराच्या चिठ्ठीला थांबावं लागत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. त्यात वाहिन्या पुष्कळ आहेत. भारतात २०१८ मध्ये त्याचा मोठा भाग मोकळा झाला. राउटर 'ड्युअल बँड' असेल, तर दोन नावं दिसतात आणि एकाच्या शेवटी '५जी' लिहिलेलं असतं. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. ही फक्त नावातली गफलत. खेळाचा संगणक त्या नावाला जोडावा. मात्र या लहरी भिंतींना लवकर हार जातात. जुन्या पेठांतल्या दगड-विटांच्या दोन-दोन फूट जाड भिंती असोत की नव्या इमारतीतला सळयांचा स्लॅब, पलीकडे फारसं काही उरत नाही. पाण्याची टाकी, लोखंडी कपाट, मोठा आरसा हेही अडथळेच.

आणि राउटर ठेवतात कुठे? वायर जिथून घरात आली तिथे. दारामागे, टीव्हीच्या पाठीमागे, माळ्यावरच्या पितळी भांड्यांच्या शेजारी. तो मोकळ्यावर, माणसाच्या उंचीवर, शक्यतो घराच्या मध्यात आणला, तर फुकटात मोठा फरक पडतो. तंतू आणणारी वायर नाजूक असते. ती स्वतः ओढाताण करून वळवण्यापेक्षा केबलवाल्याच्या माणसाकडून लांब करून घ्यावी.

आणखी एक आरोपी सहसा कुणाला सुचत नाही. मागच्या खोलीतला आजीचा जुना फोन. राउटरपासून लांब आणि तंत्रज्ञान जुनं, म्हणून तो सावकाश बोलतो. त्याची एक ओळ होईपर्यंत बाकीचे सगळे ताटकळतात. तो फोन २.४ वर आणि खेळ ५ वर, अशी वाटणी केली की आजीची भजनंही चालू राहतात.

सिग्नल पोचत नाही म्हणून बाजारातून रिपीटर आणला जातो. खेळासाठी हा बहुधा पैसे वाया घालवण्याचा मार्ग. साधा रिपीटर एकच गोष्ट ऐकून पुन्हा बोलतो, तेही बहुतेक वेळा त्याच वाहिनीवर. पडद्यावर सिग्नलच्या कांड्या भरतात आणि उशीर वाढतो. व्हिडिओ पाहणाऱ्याला तो चालतो, खेळणाऱ्याला नाही.

उसाच्या ट्रॉल्या आणि एक मोटरसायकल

राउटरपर्यंतचे आकडे अगदी शांत आहेत, तरी घरातल्या कुणी लग्नाचे फोटो कुठेतरी चढवायला घेतले की पिंग दोनशेवर जातो, असं होत असेल तर रोग वेगळा. हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. गेट एकच. ट्रॉल्या एकामागे एक उभ्या. मागून दवाखान्यात निघालेली मोटरसायकल आली आणि बाजूने जायला जागा नसली, तर तिलाही रांगेत तिष्ठावं लागतं. फोटो म्हणजे ट्रॉल्या, खेळाची चिठ्ठी म्हणजे मोटरसायकल.

राउटरमध्ये आणि मोडेममध्ये पॅकेट थांबवायला जागा असते. मेमरी स्वस्त झाली तसं उत्पादकांनी ती भरमसाट वाढवली. एकही पॅकेट सांडू नये हा हेतू चांगला, पण त्यामुळे रांग सेकंदभराची होऊ लागली. इंटरनेटच्या क्षेत्रात मुरलेले अभियंते जिम गेटिस २०१० मध्ये घरून मोठ्या फाइली पाठवत होते, तेव्हा त्यांना स्वतःच्या जोडणीवर सेकंदाहून जास्त उशीर दिसला. त्यांनी या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हणजे साठ्याची सूज असं नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग लांबण्याआधीच आवरणारी पद्धत मांडली. पुढे तिच्यात प्रत्येकाची रांग वेगळी करण्याची भर पडली, म्हणजे मोटरसायकलला ट्रॉलीमागे थांबायला नको. चांगल्या राउटरांत ही सोय 'एसक्यूएम' किंवा 'क्यूओएस' या नावाने सापडते. ती चालू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवावी. वेग थोडा मुद्दाम कमी करायचा आणि त्यातून खेळ सुधारायचा, हे वडिलांना पटवणं अवघड जातं.

ही सोय राउटरमध्ये नसेल, तर खेळाच्या तासापुरते फोटोंचे आपोआप होणारे बॅकअप थांबवावेत. सीसीटीव्ही दिवसरात्र इंटरनेटवर चित्रण पाठवत असेल, तर त्याची गुणवत्ता एक पायरी खाली आणावी.

हे सगळं करून, वायर लावूनही संध्याकाळी बाहेरचाच पिंग चढत असेल, तर गर्दी सेवा देणाऱ्याच्या बाजूला आहे. तेव्हा आठवडाभराचे आकडे वेळेसकट लिहून तक्रार करावी. "नेट स्लो आहे" या वाक्याला उत्तर ठरलेलं असतं. "राउटरपर्यंत वायरवर एक मिलिसेकंद, पुढच्या टप्प्यात रोज नऊ ते अकरा दीडशे" याला उत्तर शोधावं लागतं. छतावर अँटेना बसवून घेतलेल्या मोबाइल नेटवर्कच्या जोडणीत हा चढउतार थोडाफार गृहीतच धरावा लागतो.

पंधरा मीटर वायर

आता तो काही शे रुपयांचा खर्च. राउटरपासून संगणकापर्यंत एक इथरनेट वायर. दुकानात 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' मागावी. शंभर मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते आणि घरात पंधरा-वीस मीटर पुरे होतात. वायरवर ना शेजाऱ्यांचा राउटर बोलतो, ना ओव्हन. ती स्कर्टिंगच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून न्यावी. विजेच्या तारांच्या पाइपातून ओढू नये. गच्चीवरून समोरच्या घरात भावाकडे न्यायचा मोह तर टाळावाच. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, तर दोन्ही टोकांची यंत्रं जातात. लॅपटॉपला भोक नसेल, तर यूएसबीचा छोटा अडॅप्टर मिळतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवरही तो चालतो.

यानंतर मुलाशी होणारं बोलणं बदलू शकतं, आणि हा विषय आरोग्याच्या पानावर असण्याचं कारणही तेच. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा स्रवू लागतं. बाराला डोळे टक्क उघडे असण्यात मुलाचा सगळाच दोष नसतो. त्यात खेळाची चुरस आणि पडद्याचा उजेड. एक मॅच चाळीस मिनिटांची, म्हणजे दोन मॅचमध्ये दीड वाजतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षापासून ठरवलं, पण त्यात नववी-दहावीची पोरं येत नाहीत. सातची शाळा किंवा क्लास असेल, तर पाच तासही हाती लागत नाहीत.

राउटरच्या लहरींनी झोप उडते, या समजुतीने काही घरांत रात्री तो बंद केला जातो. रेडिओलहरींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये 'कदाचित' या वर्गात टाकलं, कारण पुरावा तोकडा होता. घरगुती राउटरची ताकद असते वॅटच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि अंतराबरोबर ती झपाट्याने घटते. त्याने झोप बिघडते असं सिद्ध झालेलं नाही. दीडपर्यंत जागण्याने बिघडते, यात मात्र शंका नाही.

"रात्रीच पिंग चांगला असतो" हे कारण वायरीने बऱ्याच अंशी काढून घेतलं, की नऊ ते साडेदहा ही वेळ मागता येते, कारण त्या वेळेत खेळ खेळण्याजोगा झालेला असतो. मुलगा हे मान्य करून निमूट झोपायला गेला, तर प्रश्न नेटचाच होता. नेट नऊलाही उत्तम आहे, तरी तो बारापर्यंत उठत नाही, हरला तरी आणि जिंकला तरी, तर ते वेगळं काहीतरी आहे. खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे साधारण वर्षभर टिकलं, तर त्याला खेळाचा विकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यावर वायर चालत नाही, डॉक्टर लागतो. खेळात पैसे लावले जात असतील, तर गोष्ट आणखी निराळी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने असे खेळ बेकायदा ठरवले, आणि पैज नसलेल्या ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली.

वायर टाकलेल्या घरात बहुधा एकच तक्रार शिल्लक राहते. ती ज्या दाराच्या फटीतून जाते, ते दार नीट लागत नाही, आणि आई रोज केर काढताना त्यावरून बोलते.